एमआरआय नॉर्मल आलाय, तरी डॉक्टर पार्किन्सनच म्हणतायत, काय समजायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही. बाबा ६७ वर्षांचे, कऱ्हाडला असतात, मी पिंपरीला नोकरीला. दिवाळीच्या आसपास आईच्या लक्षात आलं की टीव्ही बघत निवांत बसले की त्यांचा उजवा हात थरथरतो, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखं काहीतरी होतं, आणि गंमत म्हणजे चहाचा कप उचलला की थांबतं. मग सही बारीक व्हायला लागली, सुरुवातीची दोन अक्षरं नीट आणि पुढचं मुंग्यांसारखं, बँकेतून चेक परत आला तेव्हा आम्हाला जाणवलं. चालताना उजवा हात हलतच नाही, अंगाला चिकटून राहतो.

न्यूरोलॉजिस्टकडे नेलं, त्यांनी बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून बघितलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं, मागून खांद्याला झटका देऊन बघितला आणि पार्किन्सन म्हणाले. सिंडोपा नावाची लेवोडोपाची गोळी (मेंदूतलं डोपामिन भरून काढणारी) सुरू केली अगदी कमी डोसने, सोबत मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टमध्ये लिहिलंय, वयानुसार मेंदूत सौम्य आकुंचन, व्हाइट मॅटरमध्ये फझेकास ग्रेड १ बदल, बाकी काही विशेष नाही.

आता घरात दोन गट पडलेत. चुलतभाऊ म्हणतो एमआरआयमध्ये काही नाही म्हणजे पार्किन्सन नाहीच, गोळ्या बंद करा आणि मुंबईला नेऊन तो ट्रोडॅट स्कॅन करा. आई "मेंदू आकसलाय" एवढंच धरून बसलीय आणि रात्र रात्र झोपत नाही. डॉक्टरांकडे पुढची अपॉइंटमेंट महिन्याने आहे आणि फोनवर ते फार बोलत नाहीत. तर कुणी सांगू शकेल का, हा आजार मेंदूतच आहे ना, मग एवढ्या मोठ्या मशीनला तो दिसत कसा नाही? आणि आकुंचन म्हणजे नेमकं काय, ते पार्किन्सनमुळे का?

आईची_लेक

कृष्णाकाठ दादा, आधी सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका हो. सिंडोपा एकदम थांबवली तर अंग कडक होणं, ताप चढणं असे प्रकार होऊ शकतात, क्वचितच होतं आणि कमी डोसवर शक्यता कमी, पण झालं तर आयसीयूत न्यावं लागतं. काही बदल करायचाच तर डॉक्टरांना विचारूनच.

माझ्या आईचा एमआरआय पण नॉर्मलच होता. आम्हाला त्या डॉक्टर बाईंनी फार छान समजावलेलं की मी एमआरआय पार्किन्सन शोधायला करतच नाहीये, दुसरं काही नाही ना हे बघायला करतेय. म्हणजे गाठ, डोक्यात पाणी साठणं, बारीक बारीक स्ट्रोक होऊन गेलेले, पडल्यामुळे कवटीखाली साठलेलं रक्त. यातल्या कशानेही माणूस हळू होतो, पाय घासत चालतो, आणि यातल्या काहींचा इलाज अगदी वेगळा असतो, ऑपरेशनने बरं होणारंही असतं. त्यामुळे तुमच्या बाबांचा रिपोर्ट नॉर्मल आला ही चांगली बातमी आहे, ती तशीच घ्या.

काकूंना सांगा की ६७ व्या वर्षी "वयानुसार सौम्य आकुंचन" हे जवळजवळ प्रत्येकाच्या रिपोर्टमध्ये असतं. माझ्या सासऱ्यांचा चक्कर येते म्हणून एमआरआय केला तर त्यातही हेच वाक्य होतं आणि ते आजही सकाळी पर्वतीला जाऊन येतात. त्या एका वाक्यापायी झोप घालवू नका म्हणावं.

फिल्मवाला

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच बघतो, आणि हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, त्यामुळे नीट लिहितो. बाबांना मी तपासलेलं नाही, फिल्म बघितलेली नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

पार्किन्सनमध्ये मुख्य बिघाड होतो तो मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या पट्ट्यात. हा पट्टा डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि जाडी जेमतेम काही मिलिमीटर. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि त्यांचे लांब तंतू वर पुटामेन नावाच्या भागापर्यंत जातात. लक्षणं दिसायला लागेपर्यंत त्या पेशींपैकी साधारण निम्म्या गेलेल्या असतात, आणि वर पुटामेनमधलं डोपामिन त्याहून जास्त घटलेलं असतं. आता तुम्ही म्हणाल निम्म्या गेल्या तर खड्डा दिसायला हवा. नाही दिसत. एमआरआय जो सिग्नल पकडतो तो मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचा. स्ट्रोकमध्ये किंवा गाठीमध्ये त्या पाण्याचा सगळा हिशोब बदलतो म्हणून ते ठळक दिसतं, पण इथे पेशी गेल्या तरी आजूबाजूचं टिश्यू जागेवरच असतं, पट्टा होता तिथेच असतो. नेहमीच्या सिक्वेन्समध्ये (म्हणजे फोटो काढायच्या पद्धतीत), त्यातही १.५ टेस्लाच्या मशीनवर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), निरोगी माणसाचा आणि सुरुवातीच्या पार्किन्सनचा मेंदू शेजारी शेजारी ठेवला तर मला, आणि माझ्याहून अनुभवी लोकांनाही, फरक सांगता येत नाही.

पण "एमआरआयमध्ये पार्किन्सन कधीच दिसत नाही" हे पण आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. ३ टेस्लाच्या मशीनवर एसडब्ल्यूआय नावाचा सिक्वेन्स असतो, तो लोहाला फार संवेदनशील. त्यात निरोगी माणसाच्या नायग्राच्या मागच्या भागात काळ्या पट्टीच्या मधोमध एक छोटासा पांढरा ठिपका दिसतो, नायग्रोसोम १ म्हणतात त्याला, आणि ते सगळं मिळून पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखं दिसतं. पार्किन्सनमध्ये तिथल्या पेशी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातात, लोह वाढतं, तो पांढरा ठिपका काळ्यात विरून जातो आणि शेपटी गायब. २०१४ च्या सुमाराला यावर चांगले पेपर आले तेव्हापासून आम्ही आवर्जून बघतो. अडचणी आहेतच. पेशंट किंचित हलला तरी ती जागा धूसर होते, स्लाइसचा कोन चुकला तरी शेपटी दिसत नाही, आणि काही निरोगी लोकांतही ती एका बाजूला नीट दिसत नाही. त्यामुळे ती गेली म्हणजे पार्किन्सन असा शिक्का नुसत्या फिल्मवरून कुणी मारू नये.

एमआरआयचा खरा उपयोग पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या इतर आजारांत होतो. पीएसपी नावाच्या आजारात मध्यमेंदू वरून चपटा होतो, उभ्या स्लाइसमध्ये हमिंगबर्ड पक्ष्याच्या चोचीसारखा आकार येतो. एमएसए नावाच्या आजारात पॉन्समध्ये, म्हणजे मध्यमेंदूच्या खालच्या भागात, फुलीची खूण दिसते. या दोन आजारांचे लोक लवकर पडायला लागतात, किंवा उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरतं, लघवीचा त्रास सुरू होतो आणि गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. तुमच्या बाबांचं लक्षणांचं वर्णन तसं वाटत नाही आणि रिपोर्टमध्येही तसं काही आलेलं नाही. सुरुवातीच्या काळात या खुणा नसूही शकतात, म्हणून डॉक्टर पुढे दोन तीन वर्षं लक्ष ठेवतात.

फझेकास ग्रेड १ म्हणजे मेंदूच्या आतल्या भागात सुटे सुटे बारीक ठिपके, बारीक रक्तवाहिन्यांचं वय. बीपी आणि शुगर असेल तर ती सांभाळा, कारण हे ठिपके वाढले तर चालण्याचा त्रास पार्किन्सनच्या जोडीला आणखी वाढतो. ग्रेड १ काळजी करण्यासारखं नाही.

आता ट्रोडॅट. हा एमआरआय नव्हेच. टेक्निशियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य लावलेलं औषध शिरेतून देतात, ते डोपामिनच्या तंतूंच्या टोकाला जाऊन बसतं, तीन चार तास थांबायचं आणि मग स्पेक्ट कॅमेऱ्याने फोटो. परदेशात याच कामासाठी आयोडीन वापरणारा डॅटस्कॅन असतो, अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. निरोगी माणसात दोन्हीकडे स्वल्पविरामासारखे आकार उजळलेले दिसतात. पार्किन्सनमध्ये स्वल्पविरामाची शेपटी, म्हणजे पुटामेनचा मागचा भाग, आधी विझते आणि उरतो नुसता ठिपका. आणि ज्या हाताला कंप असतो त्याच्या विरुद्ध बाजूला ती जास्त विझलेली असते, म्हणजे तुमच्या बाबांच्या बाबतीत डावीकडे अपेक्षित.

मग करायचा का? माझं मत, जिथे न्यूरोलॉजिस्टलाच खात्री नसते तिथे करावा. हा पार्किन्सनचा कंप की इसेन्शियल ट्रेमर (काम करताना हात थरथरण्याचा वेगळा आजार) की औषधांमुळे आलेला, असा प्रश्न असेल तर तो फार कामाचा. पण तुम्ही लिहिलंय तसं एकाच बाजूने सुरू झालेला, निवांत बसल्यावरचा कंप, सोबत बारीक अक्षर आणि न हलणारा हात, असं असेल तर हे निदान हाताने तपासूनच होतं. २०१५ चे जागतिक निकषही तेच सांगतात, हालचालीतला मंदपणा हवाच, सोबत कंप किंवा ताठरपणा. बोटं आपटायला लावतात ना, त्यात डॉक्टर वेगापेक्षा जास्त हे बघतात की प्रत्येक आपटीबरोबर बोटांमधलं अंतर कमी कमी होतंय का. ती गोष्ट कुठल्याही मशीनला दिसत नाही. आणि ट्रोडॅट पीएसपी, एमएसएमध्येही बिघडलेलाच येतो, त्यामुळे यातलं नेमकं कुठलं हे तो सांगत नाहीच.

शिरपूरकर

फिल्मवाला डॉक्टर, फार उपयोगी लिहिलंत. औषधांमुळे येणाऱ्या कंपाबद्दल मी माझ्या मावशीचं सांगतो कारण आमच्याकडे हे फार उशिरा कळलं.

मावशीला दोन्ही हातांना एकदमच कंप सुरू झाला, चेहरा गोठल्यासारखा, चालणं अगदी हळू. गावातच पार्किन्सनची औषधं सुरू केली, फरक नाही. मग नाशिकला दाखवलं तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणल्यात का. त्यात गॅसची गोळी निघाली, ॲसिडिटीच्या औषधाबरोबर लेवोसल्पिराइड मिक्स असलेली, ती ती दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेत होती. ते औषध डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे डोपामिन जिथे जाऊन बसतं त्या जागा, अडवतं. तिथे ट्रोडॅट केला आणि तो नॉर्मल आला, दोन्ही स्वल्पविराम छान उजळलेले, म्हणजे तंतू शाबूत आहेत, नुसते रिसेप्टर अडवलेत. गोळी बंद केल्यावर काही महिन्यांनी मावशी पुष्कळ सुधारली.

तर कृष्णाकाठ, बाबांच्या गोळ्यांची पिशवी एकदा तपासा. लेवोसल्पिराइड, उलटीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करसाठी देतात ते सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मानसिक आजाराची काही औषधं. यातलं काही असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोन लावून आईची_लेक यांचं सासऱ्यांचं वाक्य वाचून दाखवलं, जरा शांत झालीय. पिशवी पण बघायला लावली, पँटोप्राझोल साधं आहे, बीपीची गोळी आहे, बाकी काही नाही. चुलतभावाला हा सगळा धागा पाठवलाय, गोळ्या चालूच ठेवतोय. आणि खरं सांगायचं तर सिंडोपा सुरू केल्यापासून बाबा शर्टाची बटणं स्वतः लावायला लागलेत, ते आधी आईला हाक मारायचे.

एक शेवटचं विचारतो. दर वर्षी एमआरआय किंवा ट्रोडॅट काढून आजार किती पुढे गेला हे मोजता येतं का? म्हणजे शुगरचं जसं तीन महिन्यांनी एचबीएवनसी करतो तसं काहीतरी?

व्हॉक्सेल

मी अमेरिकेत मेंदूच्या इमेजिंगच्या डेटावर काम करते, डॉक्टर नाही, पण हा तुमचा शेवटचा प्रश्न म्हणजे आमच्या क्षेत्रातले लोक रात्रंदिवस ज्याच्या मागे आहेत तोच आहे, म्हणून राहवलं नाही.

छोटं उत्तर, एकेका पेशंटसाठी आज तरी असं मोजमाप रोजच्या वापरात नाही.

मोठं उत्तर असं की बदल होतात, आणि मोजताही येतात, पण हजारो लोकांची सरासरी काढली की. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये २,३५७ पार्किन्सनचे पेशंट आणि १,१८२ निरोगी लोक यांचे एमआरआय एकत्र करून बघितले. पुटामेन थोडा लहान, अमिग्डाला नावाचा मेंदूतला भाग थोडा लहान, कॉर्टेक्सचा म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर बऱ्याच भागांत पातळ, आणि आजार जसा पुढच्या टप्प्यात तसा हा पातळपणा जास्त पसरलेला. आश्चर्य म्हणजे थॅलॅमस हा मेंदूच्या आतला भाग सुरुवातीच्या टप्प्यात उलट थोडा मोठा आढळला, का ते अजून चर्चेतच आहे. पण हे सगळे फरक इतके छोटे आहेत की पेशंट आणि निरोगी लोकांचे आकडे एकमेकांत बऱ्यापैकी मिसळलेले असतात. म्हणजे कुणा एकाचा पुटामेन मोजून तुम्ही काहीच ठरवू शकत नाही. काकूंसाठी मुद्दाम सांगते, रिपोर्टमधलं ते "सौम्य आकुंचन" आणि हे बदल या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे बदल डोळ्यांनी दिसत नाहीत, सॉफ्टवेअरने मोजावे लागतात.

मला व्यक्तिशः सगळ्यात जास्त आशा दोन गोष्टींची वाटते. एक न्यूरोमेलॅनिन एमआरआय. नायग्रातल्या पेशींमध्ये काळं रंगद्रव्य असतं, मृत्यूनंतर मेंदू कापला तर नुसत्या डोळ्यांना तो काळा पट्टा दिसतो आणि पार्किन्सनमध्ये तो फिकट झालेला असतो. १९१९ मध्ये ट्रेत्याकॉफने पॅरिसमध्ये हेच दाखवलं होतं. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी ३ टेस्लावर असा सिक्वेन्स वापरला की तेच रंगद्रव्य जिवंत माणसात चमकताना दिसलं, आणि पार्किन्सनमध्ये ती चमक कमी. जी गोष्ट फक्त पोस्टमॉर्टेमला कळायची ती स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसात दिसते, हे मी पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा कितीतरी वेळ तिथेच बघत बसले होते.

दुसरं फ्री वॉटर. डिफ्युजन एमआरआयमधून पेशींच्या बाहेर मोकळं फिरणारं पाणी किती आहे ते काढता येतं. पेशी गेल्या की नायग्राच्या मागच्या भागात हे पाणी वाढतं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की ते पार्किन्सनमध्ये वर्षभरात आणखी वाढतं, निरोगी लोकांत तसं वाढत नाही. नवीन औषधाने आजार खरंच थांबतोय का हे ट्रायलमध्ये बघायला असलं काहीतरी लागणारच आहे. पण तिथेही एक मशीन बदललं, सिक्वेन्स बदलला की आकडे बदलतात, म्हणून गावोगावच्या सेंटरला हे अजून पोचलेलं नाही.

आणि ट्रोडॅट पुन्हा पुन्हा का करत नाहीत त्याचं एक जुनं उदाहरण. २००४ मध्ये एल्डोपा नावाची ट्रायल छापून आली, ३६१ पेशंट, काहींना लेवोडोपा आणि काहींना नुसती खोटी गोळी, ४० आठवडे. लेवोडोपा घेणारे लोक तपासणीत स्पष्ट बरे होते, आणि त्यातल्या ज्यांचे अशाच प्रकारचे स्कॅन काढले त्यांच्या स्कॅनमध्ये मात्र सिग्नल खोट्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त उतरलेला. माणूस सुधारलेला आणि फोटो बिघडलेला! औषधाचाच त्या सिग्नलवर परिणाम होत असावा असं एक स्पष्टीकरण आहे. तेव्हापासून नुसत्या फोटोवरून आजाराची गती ठरवताना सगळे फार जपून असतात. तुमचे बाबा बटणं लावायला लागले हे मोजमाप आज तरी कुठल्याही स्कॅनपेक्षा खरं आहे, तारीख टाकून वहीत लिहून ठेवा, सोबत आठवड्यातून एकदा त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या आणि चालतानाचा छोटा व्हिडिओ काढा, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

कोथरूडकाका

मी स्वतः शुभार्थी आहे, म्हणजे पेशंट, बऱ्याच वर्षांचा पीडी (पार्किन्सन). व्हॉक्सेल ताई, वहीचं अगदी बरोबर सांगितलंस, मी पण ठेवतो.

कृष्णाकाठ, पुढे कधी बाबांचा एमआरआय परत करायची वेळ आली तर काही गोष्टी ध्यानात ठेव. आपला कंप निवांत पडल्यावरच जास्त येतो, आणि त्या नळकांड्यात घातलं, धडधड आवाज सुरू झाला की टेन्शनने आणखी वाढतो. हात हलला की डोकंही बारीक हलतं आणि फोटो खराब, मग परत घेतात, अर्ध्या तासाचा तास होतो. म्हणून मी वेळ अशी घेतो की गोळीचा अंमल पूर्ण चढलेला असेल, आधी फोन करून विचारतो की उशीर होणार का, आणि खिशात पुढचा डोस ठेवतो. टेक्निशियनला सांगायचं की पार्किन्सन आहे, ते हाताखाली उशी देतात, पोटावरून पट्टा बांधतात, गुडघ्याखाली आधार देतात, त्याने पुष्कळ फरक पडतो. पेसमेकर किंवा डीबीएस (पार्किन्सनसाठी मेंदूत बसवतात ते विजेचं यंत्र) बसवलेलं असेल तर ते दारातच सांगायचं, त्याची सेटिंग आधी बदलावी लागते, आणि सगळ्या मशीनवर ते चालतही नाही. ट्रोडॅटला सिंडोपा सहसा थांबवायला लावत नाहीत, एफ-डोपा पेट नावाच्या वेगळ्या स्कॅनला मात्र लावतात आणि उपाशी पोटी यायला सांगतात, तेव्हा कुठला स्कॅन आहे ते नीट विचारून घे.

आणि पिंपरीहून पुणे काही लांब नाही. इथे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरचे दोघांनीही यायचं असतं, मुंबईच्या पीडीएमडीएस या पार्किन्सनच्या पेशंटसाठी काम करणाऱ्या संस्थेचे गटही राज्यात ठिकठिकाणी आहेत. बाबा तुझ्याकडे राहायला आले की आईलाही घेऊन ये, आमच्यातल्या बायका तिच्याशी बोलतील. आणि बाबांना आत्तापासून रोज चालणं आणि मोठ्याने पेपर वाचणं सुरू करायला सांग, आवाज पण बारीक होत जातो यात, तो सहीसारखा लगेच लक्षात येत नाही.

कृष्णाकाठ

काका, पुढच्या महिन्यात ते दोघं इकडे येतायत तेव्हा नक्की घेऊन येतो. मीटिंग कुठल्या वारी असते ते मेसेज करता का? आणि आईने आत्ता फोनवर सांगितलं की सहा महिने तरी झाले, बाबा फोनवर बोलले की समोरचा "मोठ्याने बोला" म्हणतो, आम्हाला वाटायचं रेंज नाही.